शब्द पारखून घ्यावा

इंदूर शहराच्या दक्षिण अंगास, खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, भंवरकुआं नावाचा एक गजबजलेला भाग आहे. तेथील चौकाला अलीकडे टंट्या मामा या आदिवासी वीराचे नाव देण्यात आले. तरी रिक्षावाल्यास विचाराल तर तो भंवरकुआं असेच म्हणेल. देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे एक मोठे आवार जवळच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस इमारतींवर खालपासून वरपर्यंत शिकवणीवर्गांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. माळव्यातील आणि निमाडातील खेड्यापाड्यांची हजारो मुले-मुली येथे खोल्या घेऊन राहतात, बँकेच्या किंवा सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करतात आणि पोह्याच्या गाडीवर उभ्या उभ्या न्याहारी उरकतात.

मागे एकदा कामानिमित्त आम्हांस इंदुरास जावे लागले, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एका मुलाची भेट घ्यावी म्हणून आम्ही या भागात गेलो. त्याचे मामा इंदुरात स्थायिक झालेले आहेत आणि त्यांच्याकडे राहून तो बँकेच्या परीक्षेची तयारी करीत होता. मुलगा कष्टाळू. गणितात चांगला; परंतु इंग्रजीच्या भागाने त्यास जेरीस आणले होते. त्याने आमच्यापुढे एक जाडजूड वही ठेवली. तीत सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या ओळीने लिहिलेल्या होत्या.

"फादर, ह्या तीनशे जोड्या मी पाठ केल्या आहेत. पण पेपर समोर आला की अफेक्ट कोणता आणि इफेक्ट कोणता, हे काही केल्या आठवत नाही."

आम्ही म्हणालो, "बाळ, शेजाऱ्यांच्या जुळ्या मुलांची नावे तू कधी पाठ केली होतीस का? त्यांच्याबरोबर खेळलास, म्हणून ओळखू लागलास ना?"

तो हसला. परंतु त्याच संध्याकाळी त्याला घरून दूरध्वनी आला आणि शब्दांची गोष्ट केवळ परीक्षेपुरती नाही, हे आम्हां दोघांस कळून चुकले. त्याचे आजोबा गावी पक्षाघाताने अंथरुणास खिळले होते. रुग्णालयाचा खर्च भागविण्यासाठी बँकेतील मुदत पूर्ण झालेली ठेव काढावी, असे घरच्यांनी ठरविले. ठेवीवर दोन नावे होती, पहिले आजोबांचे आणि दुसरे मुलाच्या वडिलांचे. दोन नावे आहेत, म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल, अशी सर्वांची समजूत. वडील बँकेत गेले, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने पावतीवरील तीन इंग्रजी शब्दांवर बोट ठेवले आणि नम्रपणे नकार दिला. त्या पावतीवर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असे लिहिलेले होते.

वाचकहो, ठेवीच्या पावतीवर बहुधा दोन प्रकारचे शब्द आढळतात. एक 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि दुसरा 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. दोहोंचा शेवट एकच, आवाजही जवळजवळ एकच. परंतु पहिल्याचा अर्थ असा की, दोघांपैकी कोणीही एक आणि एकाच्या पश्चात मागे राहील तो. दुसऱ्याचा अर्थ असा की, जोवर पहिले नाव असलेली व्यक्ती हयात आहे तोवर तीच आणि तिच्या पश्चात मात्र दुसरी. म्हणजे 'आयदर' या शब्दात मुलाचा हात आज चालतो. 'फॉर्मर' या शब्दात तो वडील गेल्यावरच चालतो. ठेव ठेवण्याच्या दिवशी फॉर्म भरताना कोणीतरी एका चौकोनात खूण केली आणि आठ वर्षांनी ती खूण घराच्या दारात येऊन उभी राहिली.

या प्रसंगी मार्ग निघाला. खातेदार आजारी असून सही करू शकत नसेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष त्याच्या अंगठ्याचा ठसा घेता येतो. त्या साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेने तशी सोय करून ठेवलेली आहे. अधिकारी घरी आले, ठसा घेतला गेला आणि पैसे मिळाले. परंतु मधल्या पाच दिवसांत त्या घराने जी तळमळ सोसली ती एका शब्दाने वाचली असती. म्हणूनच सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांतून योग्य तो कसा निवडावा, याविषयी चार गोष्टी आपल्या कुटुंबांपुढे ठेवाव्यात असे आमच्या मनात आले.

प्रथम कोणी म्हणेल की, हे विद्वानांचे काम, आम्हां शेतकऱ्यांना ते कसे जमणार? तसे मुळीच नाही. शब्द निवडण्याची कला आपल्या घरोघरी आहे. गोठ्यातील म्हैस 'मेली' असे आपण म्हणतो. शेजारचे आजोबा 'वारले' असे म्हणतो. आणि आपले वृद्ध धर्मगुरू 'ख्रिस्तवासी झाले' असे म्हणतो. घटना एकच, मरणाची. परंतु अंगणात खेळणारे आठ वर्षांचे पोरदेखील म्हशीला ख्रिस्तवासी करीत नाही आणि आजोबांना मेले म्हणत नाही. त्याला हे कोणी वहीत लिहून दिलेले नसते. विहिरीतले ते 'पाणी', आणि मिस्सात धर्मगुरू शिंपडतात तेही 'पाणी'च, परंतु आशीर्वादित; तेथे 'जल' म्हटले तर कवितेसारखे वाटते आणि विहिरीच्या काठी 'जल' म्हटले तर लोक हसतात. सांगावयाचे इतकेच की, ज्याला आपल्या भाषेत हा विवेक आहे, त्याला तो परक्या भाषेत आणणे अशक्य नाही. फक्त ओळख हवी.

इंग्रजीत असे सारखे शब्द इतके का, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. त्या भाषेचा मूळ धागा जर्मन कुळातला. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि पुढे काही शतके राजदरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषेचा अंमल राहिला. ख्रिस्तसभेची आणि विद्येची भाषा लॅटिन होती. अशा रीतीने एकाच अर्थाला तीन तीन शब्द मिळाले. राजासंबंधी 'किंगली' हा घरचा, 'रॉयल' हा फ्रेंचमधून आलेला आणि 'रीगल' हा लॅटिनमधून घेतलेला. गोठ्यातील गाय ती 'काऊ', कारण राखणारा इंग्रज कुणबी. ताटातील मांस ते 'बीफ', कारण खाणारा फ्रेंच सरदार. आपल्या मराठीत तरी काय वेगळे घडले? 'घर' आपले, 'गृह' संस्कृतातून आलेले, 'मकान' फार्सी-अरबीच्या वाटेने आलेले. तिघांचे पाहुणे निराळे आहेत.

आता प्रत्यक्ष जोड्यांकडे वळू. त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत, आणि वहीत त्या एका रांगेत लिहिल्यामुळेच मुलांचा गोंधळ होतो. त्यांचे गट पाडावेत.

पहिला गट नाम आणि क्रियापद यांचा. 'अफेक्ट' म्हणजे परिणाम करणे; हे बहुतेक वेळा क्रियापद असते. 'इफेक्ट' म्हणजे परिणाम. हे बहुतेक वेळा नाम असते. अवकाळी पावसाने आंब्याच्या मोहोरावर जे केले ते 'अफेक्ट' आणि त्यातून जे निपजले ते 'इफेक्ट'. 'अ' आधी येतो, 'इ' मागून; कृती आधी, फळ मागून. इतके ध्यानात ठेवले की पुरे. 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे सल्ला आणि 'अ‍ॅडव्हाइज' म्हणजे सल्ला देणे, हेही याच गटातले. नामाच्या शेवटी 'सी' हे अक्षर, क्रियापदात 'एस'. इंग्लंडच्या पद्धतीच्या लेखनात 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' या शब्दांनाही हाच नियम लागतो. नाम असेल तर 'सी', क्रियापद असेल तर 'एस'. एका किल्लीने तीन कुलुपे उघडतात.

दुसरा गट दिशेचा. 'लेंड' म्हणजे उसने देणे आणि 'बॉरो' म्हणजे उसने घेणे. मराठीत 'उसने' हा शब्द एकच आणि दिशा दाखविण्याचे काम 'देणे' व 'घेणे' यांच्याकडे. इंग्रजीत दिशा शब्दाच्या पोटातच असते. त्यामुळे कर्जासाठी अर्ज करणारा आपला मनुष्य कित्येकदा "मला बँकेस पन्नास हजार रुपये उसने द्यावयाचे आहेत" अशा अर्थाचे इंग्रजी लिहून बसतो. वाचणाऱ्या अधिकाऱ्यास हसू येते, आणि अर्जदारास त्याचे कारण कळत नाही. जाणे-येणे, आणणे-नेणे यांचेही तसेच. 'ब्रिंग' म्हणजे बोलणाऱ्याकडे आणणे, 'टेक' म्हणजे त्याच्यापासून दूर नेणे.

तिसरा गट मोजण्याचा. मराठीत माणसे कमी, पाणी कमी आणि प्रेमही कमीच. इंग्रजीत ज्याची गणती होते त्यास 'फ्यूअर' आणि ज्याचे मोजमाप होते त्यास 'लेस'. नारळ 'फ्यूअर', नारळाचे पाणी 'लेस'. याच गटात एक फारच लहान, पण फार मोठे काम करणारे अक्षर आहे. 'अ फ्यू' म्हणजे थोडे का होईना, पण काही. नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. रविवारच्या मिस्सानंतर कोणी आम्हांस इंग्रजीतून 'अ फ्यू पीपल' आले होते असे लिहिले, तर आम्ही समाधान मानू. आणि 'फ्यू पीपल' असे लिहिले तर घरोघर जाऊन विचारपूस करण्यास निघू. त्या एका 'अ'मध्ये समाधान आणि चिंता यांचे अंतर आहे.

चौथा गट असा की, तेथे कान पूर्णपणे फसतात आणि देवनागरीदेखील मदत करीत नाही. 'स्टेशनरी' म्हणजे स्थिर उभा असलेला, आणि 'स्टेशनरी' म्हणजे लिहिण्याचे साहित्य. मराठीत दोन्ही एकसारखे लिहिले जातात. इंग्रजीत मात्र शेवटून तिसरे अक्षर पहिल्यात 'ए' आणि दुसऱ्यात 'ई'. कागदांबरोबर लिफाफा येतो आणि इंग्रजी लिफाफ्याच्या, म्हणजे एन्व्हलपच्या, आरंभी 'ई' आहे, अशी खूण गाठीशी बांधावी. 'प्रिन्सिपल' हेही तसेच. शेवटी 'ए' आणि 'एल' असेल तर शाळेचे मुख्याध्यापक किंवा कर्जाचे मुद्दल. 'एल' आणि 'ई' असेल तर तत्त्व. मुद्दलाला तत्त्व म्हणणारा कर्जदार पुष्कळदा दोन्ही गमावतो.

पाचवा गट वाक्प्रचारांचा, आणि तो आपल्या देशातलाच. परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयातून बाहेर पडलो, हे सांगताना आपली मुले अर्जात 'पास्ड आउट' असे लिहितात. आपल्या देशात ते समजते. परंतु परदेशी वाचणाऱ्यास त्याचा पहिला अर्थ 'बेशुद्ध पडलो' असा लागतो. तेथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. 'कझिन ब्रदर' असे आपण म्हणतो, कारण चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि आतेभाऊ असे चार चार सुरेख शब्द आपल्याजवळ आहेत आणि इंग्रजांकडे एकटा 'कझिन' आहे. त्याच्या त्या गरिबीला आपण 'ब्रदर'चे ठिगळ लावतो. भावना चांगली, परंतु इंग्रजी लिहिताना नुसते 'कझिन' पुरे.

असो. हे व्याकरण झाले. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन बरोबर शब्दांतून कोणता घ्यावा. अनेकांस वाटते की, इंग्रजी जितके अवघड तितके ते उत्तम. 'इफ' या दोन अक्षरांच्या शब्दाने काम भागत असता 'इन द इव्हेंट ऑफ' लिहावयाचे, 'बिफोर'ऐवजी 'प्रायर टू', 'नाऊ'ऐवजी 'अ‍ॅट द प्रेझेंट टाइम'. इंग्लंडात खुद्द सरकारी कचेऱ्यांतील लोक असेच लिहीत, आणि सामान्य जनांस पत्रे कळेनाशी झाली. तेव्हा अर्नेस्ट गॉवर्स या ज्येष्ठ अधिकाऱ्यास सरकारनेच विनंती केली आणि त्यांनी १९४८ साली 'प्लेन वर्ड्‌स' हे पुस्तक लिहिले. साधा शब्द घ्या, नेमका घ्या, आणि लागतील तितकेच घ्या, असा त्यांच्या उपदेशाचा मथितार्थ. आपल्या प्रभूने उपमा दिल्या त्या पेरणाऱ्याच्या, जाळ्याच्या, खमिराच्या आणि हरवलेल्या नाण्याच्या. स्वर्गाच्या राज्याविषयी बोलताना ज्याने स्वयंपाकघरातील शब्द वापरले, त्याच्या अनुयायांनी पाणी सोडण्याच्या अर्जात अवघड शब्द घालण्याचे कारण नाही.

परंतु जेथे सही करावयाची असते, तेथे साधा शब्द कोणता हे आपल्या हाती नसते. तेथे कागदावर आधीच जो शब्द आहे तो ओळखणे हेच आपले काम. बँकेच्या ठेवीविषयी वर सांगितलेच. आणखी तीन जोड्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्याव्यात.

एक जोडी 'विटनेस' आणि 'गॅरंटर' यांची. साक्षीदार इतकेच सांगतो की, ही सही माझ्यासमोर झाली. गॅरंटर म्हणजे जामीन; तो सांगतो की, याने कर्ज फेडले नाही तर मी फेडीन. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरलेले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. शेजारधर्म म्हणून 'फक्त सही करा हो' असे कोणी म्हटले, तर सहीच्या खाली इंग्रजीत कोणता शब्द छापलेला आहे हे आधी विचारावे. यात अविश्वास नाही. यात शहाणपण आहे.

दुसरी जोडी 'लीझ' आणि 'लायसन्स' यांची. दोहोंतही जागा दुसऱ्यास वापरावयास मिळते आणि आपल्या हाती पैसे येतात, म्हणून लोक दोन्हींस भाडे असे म्हणतात. परंतु 'लीझ'मध्ये त्या जागेत वापरणाऱ्याचा काही हक्क ठरावीक मुदतीपर्यंत निर्माण होतो, तर 'लायसन्स'मध्ये केवळ वापरण्याची परवानगी असते, जागेत हक्क निर्माण होत नाही. हे दोन शब्द १८८२ सालच्या दोन निरनिराळ्या कायद्यांत सांगितलेले आहेत. वाडवडिलांची वाडी कोणास वापरावयास देणाऱ्याने हा फरक वकिलाकडून समजून घेतल्यावाचून कागदास हात लावू नये.

तिसरी जोडी 'नॉमिनी' आणि 'एअर' यांची, म्हणजे नामनिर्देशित आणि वारस. बँकेच्या खात्यात नॉमिनीचे नाव घातले म्हणजे पैसे त्याचेच झाले, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते ते साधारणपणे वारसांच्या वतीने. विम्याच्या बाबतीतही १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला होता. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विम्यापुरता फरक झाला आणि स्वतःच्या विम्यावर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांस लाभाचा हक्क मिळाला. परंतु इतर ठेवींविषयी वारस कोण हे वारसाकायदा ठरवितो. आपणां ख्रिस्ती लोकांस, गोव्याचा अपवाद सोडल्यास, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर विधवेस एक तृतीयांश आणि मुलांस दोन तृतीयांश. एका भावाचे नाव 'नॉमिनी'च्या रकान्यात पाहून दुसऱ्या भावाने बोलणे टाकले, अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत. दोघांसही त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. वैर मात्र खरे होते.

शब्दांच्या या पारखीचा संबंध आपल्या श्रद्धेशीही आहे, आणि तो फार जुना आहे. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे ख्रिस्तसभेची परिषद भरली. आरियस नावाचा धर्मगुरू असे शिकवीत होता की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे. परिषदेने श्रद्धांगीकारात एक ग्रीक शब्द घातला, 'होमोऊसिओस', म्हणजे पित्याशी एकच तत्त्व असलेला. पुढे काहींनी तडजोड सुचविली की, 'होमोइऊसिओस' म्हणावे, म्हणजे सारख्या तत्त्वाचा. ग्रीक लिपीत दोहोंत अंतर एका अक्षराचे, आणि तेही सर्वांत लहान अशा 'आयोटा'चे. पण 'एकच' आणि 'सारखा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संत अथनेशियस यांनी पाच वेळा हद्दपारी सोसली, परंतु या श्रद्धेवरून ते हटले नाहीत. २०२५ साली त्या परिषदेस १७०० वर्षे पूर्ण झाली आणि तोच श्रद्धांगीकार आपण आजही म्हणतो. इंग्रजी मिस्सात पूर्वी या ठिकाणी 'वन इन बीइंग' असे शब्द होते. २०११ च्या आगमनकाळापासून अनेक देशांत 'कन्सबस्टॅन्शियल' हा शब्द आला. साधा शब्द सोडून अवघड का घेतला, असे कित्येकांनी विचारले. त्याचे उत्तर असे की, येथे नेमकेपणा साधेपणाहून मोठा ठरला. साधा शब्द घ्यावा हा नियम खरा. परंतु साधेपणासाठी अर्थ सांडू नये, हा त्याहून वरचा नियम.

आपल्या नित्याच्या बोलण्यातही असे शब्द आहेत. 'अ‍ॅडोर' म्हणजे आराधना, ती केवळ परमेश्वराची; 'व्हेनरेट' म्हणजे आदराने वंदन, ते संतांचे आणि सर्वांहून अधिक पवित्र मरियेचे. दुसऱ्या पंथाच्या मित्राने इंग्रजीत विचारले असता आपला मुलगा जर 'वुई अ‍ॅडोर मेरी' असे म्हणाला, तर तो आपल्या आईची श्रद्धाच चुकीची सांगून बसला. 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' म्हणजे येशूचा कुमारीच्या उदरी झालेला गर्भसंभव, असे पुष्कळांस वाटते. नव्हे, ते पवित्र मरियेच्या स्वतःच्या निष्कलंक गर्भसंभवाविषयी आहे, म्हणजे ती आदिपापाच्या डागावाचून गर्भात संभवली, याविषयी. पोप नववे पायस यांनी १८५४ च्या ८ डिसेंबरास हा सिद्धान्त जाहीर केला. इंदूरचेच उदाहरण घ्यावयाचे तर सिस्टर राणी मारिया यांचे घ्यावे. शेतमजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या म्हणून १९९५ साली उदयनगरजवळ त्यांची हत्या झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांस धन्य घोषित करण्यात आले. इंग्रजीत त्या 'ब्लेसेड' आहेत. 'सेंट' हा शब्द त्यांच्या नावामागे लावण्याचा अधिकार ख्रिस्तसभेचा आहे, आपला नव्हे. प्रेम कितीही असो, शब्द जपून वापरावा.

येथे एका इंग्रजाची आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. आपल्या मुलांस आज इंग्रजी शब्द जितके परके, तितकीच मराठी त्यांस परकी होती. त्यांनी वहीत जोड्या पाठ केल्या नसतील. ते लोकांत राहिले, त्यांची बोली ऐकली, ओव्या ऐकल्या, आणि १६१६ साली सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध झाले. इंग्लंडात जन्मलेल्या मनुष्यास जर मराठी शब्दांचे रूप, रंग आणि वजन कळू शकले, तर मराठी घरात जन्मलेल्या मुलास इंग्रजी शब्दांचे वजन का कळू नये? शब्दांविषयीचे प्रेम आणि पुष्कळ धीर, एवढेच त्याला लागते.

त्या भंवरकुआंच्या मुलास आम्ही जे सांगितले तेच येथे सांगून हा लेख संपवितो. जोड्या पाठ करू नयेत. प्रत्येक शब्दाचे एकेक वाक्य स्वतः रचावे, आणि ते आपल्या गावातले, आपल्या शेतातले, आपल्या घरातले असावे. शब्दकोश जवळ ठेवावा आणि शंका आली की उघडावा, तो उघडण्यात लाज नाही. लिहिलेले मोठ्याने वाचावे. दोन शब्दांत शंका राहिली तर तिसरा, आपणांस पक्का ठाऊक असलेला घ्यावा. आणि कागद सहीचा असेल तर ज्यास कळते त्यास विचारल्यावाचून सही करू नये, मग समोरचा कितीही घाई करो.

पुढे नाताळाच्या सुमारास त्या मुलाचे आम्हांस एक पत्र आले. चारच ओळी, आणि त्या त्याने मुद्दाम इंग्रजीत लिहिलेल्या. आजोबा आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात; परीक्षेचा पहिला टप्पा पार पडला, दुसरा व्हावयाचा आहे; आणि घरातील सर्व पावत्या त्याने सुटीत स्वतः वाचून आईवडिलांस अर्थ समजावून दिला. पत्रात एक चूक राहिली होती. 'अ‍ॅडव्हाइस' या शब्दात 'सी'च्या जागी 'एस' पडला होता. आम्ही ती लाल शाईने दुरुस्त केली, आणि खाली मराठीत लिहिले की, बाळ, पावत्या वाचल्यास, हे फार चांगले केलेस.

वाचकहो, आज सायंकाळी कुटुंबप्रार्थना झाल्यावर आपणही कपाटातील ठेवीच्या पावत्या आणि बँकेची पुस्तके बाहेर काढावीत. शिकलेल्या मुलास किंवा मुलीस जवळ बसवावे आणि त्यांवर 'आयदर' आहे की 'फॉर्मर' आहे हे पाहावे. नॉमिनी कोण, तेही पाहावे. घरातील वडील माणसांच्या हयातीत आणि सर्वांच्या समक्ष हे झाले, तर पुढे भावाभावांत शब्दावरून शब्द वाढणार नाही. आपले होकार आणि नकार स्पष्ट असावेत, ही आपल्या प्रभूची इच्छा आहे. ते कोणत्याही भाषेत असोत, त्याच्या कृपेने आपणां सर्वांस तशी स्पष्टता लाभो.